गच्चीवरचा एक मिलिमीटर

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर बरोबर एक लिटर पाणी. हा हिशेब शाळेत शिकून विसरलेला असतो, पण गच्चीवर उभं राहून तो पुन्हा मांडला की छाती दडपते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या एखाद्या मध्यम गच्चीवर त्या एका दिवसात 94,400 लिटर पाणी आलं, दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेनऊ टँकर. तो दिवस अपवादाचा म्हणून बाजूला ठेवला, तरी मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याची सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते. सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर, दर चौरस मीटरला, चार महिन्यांत दोन टनांहून जास्त पाणी येऊन जातं.

पुष्कळ इमारतींवर या पाण्याला अडवणारी वस्तू किती जाड असते? चार मिलिमीटर. डांबराची एक काळी शीट. ती खालच्या काँक्रीटला आणि शेजारच्या शीटला चिकटावी म्हणून त्या चारांपैकी जेमतेम एक मिलिमीटर, काही सेकंदांपुरता, गॅसच्या ज्योतीनं वितळवलेला असतो. मला भुरळ घातली आहे ती या एका मिलिमीटरनं.

सपाट छप्पर महाराष्ट्राला नवं नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे, खानदेशात धाब्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. लाकडांवर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. पावसाळ्याआधी ती नव्यानं पसरायची, चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं. तिथला पाऊस कमी आणि माती जाड, त्यामुळे निभावून जायचं. कोकणात मात्र घरांना उतरती छपरंच. आधी पेंढा, मग नळीची कौलं, आणि बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौलं. उतार सगळ्यांचाच चांगला तीव्र. उतरतं छप्पर पाण्याला अडवायच्या भानगडीतच पडत नाही, ते फक्त त्याला थांबायला वेळ देत नाही. कौलांमधल्या फटींतून वारा येतो, उजेडाचे कवडसे येतात, पण पाणी तोवर घसरून पुढे गेलेलं असतं.

मग सिमेंट-काँक्रीट आलं, आणि कमी पावसाच्या मुलखातलं सपाट छप्पर थेट कोकणच्या पावसात जाऊन बसलं. मरीन ड्राइव्हवरच्या 1930 आणि 1940 च्या दशकांतल्या इमारतींचा माथा पाहावा. कौलं नाहीत, पन्हळी नाहीत, सरळ रेघेत संपणारी भिंत. गच्ची ही या शहराला मिळालेली मोठी चीज आहे. पापड-कुरडया तिथेच वाळल्या, पतंग तिथूनच उडाले, वैशाखातल्या रात्रींची झोप तिथेच लागली. पण जिथे ढाळ शंभराला एक एवढाच असतो, तिथे पाणी रेंगाळतं, आणि रेंगाळणाऱ्या पाण्याला फट शोधायला हवा तेवढा वेळ असतो.

काँक्रीट स्वतः पाणी अडवत नाही का? अडवतं, पण पुरतं नाही. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याहून जास्त पाणी मिश्रणात घातलेलं असतं. ते निघून गेलं की मागे सूक्ष्म वाटा उरतात. शिवाय स्लॅब जागच्या जागी हलतो. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण तीन मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आक्रसतो. वर्षानुवर्षं, रोज. त्यातून बारीक चिरा पडतात. चीर एक दशांश मिलिमीटरची असली तरी केशाकर्षणानं पाणी तिच्यात पंधरा सेंटिमीटर वर चढू शकतं. आडवं किंवा खाली जायला तर त्याला काहीच आडकाठी नसते. आत सळई असते. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे ती एरवी गंजत नाही, पण पाण्याची आणि हवेची ये-जा सुरू झाली की तो गुण ओसरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. छताचे ढलपे सुटून सळया उघड्या पडतात, ते मुख्यतः या फुगलेल्या गंजाचं काम.

जुन्या स्लॅबखाली कधीकधी पांढरे बारीक सुळके लोंबताना दिसतात. पाण्यानं काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणलेला असतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा दगड झालेला असतो. गुहांमध्ये लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांचे हे जवळचे नातेवाईक. गुहेत त्यांना हजारो वर्षं लागतात, पार्किंगच्या छताखाली काही वर्षं पुरतात.

मुंबईतला यावरचा जुना उपाय म्हणजे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून ढाळ काढायचा आणि वर चायना मोझेकचे पांढरे तुकडे जडवायचे. ढाळ द्यायला आणि ऊन परतवायला तो आजही उत्तम. पण कोबा ताठ असतो, स्लॅब हलला की त्यालाही चीर जाते. गच्चीला हवी असते ती स्लॅबबरोबर ताणली जाणारी, न तुटणारी वस्तू. तशी वस्तू माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सिंधमधल्या मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या विटांमागे, पाणी झिरपू नये म्हणून, नैसर्गिक डांबराचा साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचा थर लावलेला होता. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं हे वॉटरप्रूफिंग.

डांबराचा स्वभाव चमत्कारिक आहे. हातोडा मारला तर ते काचेसारखं फुटतं, आणि तसंच ठेवून दिलं तर वाहतं. 1927 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकानं डांबराच्याच कुळातलं पिच गरम करून एका बंद काचेच्या नरसाळ्यात ओतलं. तीन वर्षं ते बसू दिलं, 1930 मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं आणि थेंब पडायची वाट पाहायला सुरुवात झाली. 2014 साली नववा थेंब पडला. प्रयोग अजून चालू आहे. पाण्याच्या जवळजवळ 23 हजार कोटी पट दाट असा हा द्रव, पण द्रवच. तडे भरून काढायची, हळूहळू ताण सोडून द्यायची डांबराची शक्ती याच गुणातून येते.

आणि गच्चीवरची त्याची पंचाईतही याच गुणातून होते. डांबर किती तापलं म्हणजे सैल पडतं हे मोजायची एक साधी परीक्षा आहे. पितळी कड्यात डांबराची चकती बसवायची, तिच्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि पाणी मिनिटाला पाच अंशांनी तापवत जायचं. गोळी डांबरासकट पंचवीस मिलिमीटर खाली लोंबली की ते तापमान टिपायचं. आपल्या रस्त्यांवरच्या व्हीजी-30 या नेहमीच्या डांबराला ही परीक्षा किमान 47 अंशांची लागते. मे महिन्यात काळी गच्ची 65 अंशांच्या वर सहज जाते. कठड्याच्या उभ्या भिंतीवर हे डांबर लावलं तर ते दुपारी खाली ओघळेल. म्हणून पूर्वी गरम डांबरातून हवा फुंकून ते कडक करत. त्यानं हा आकडा 85 पर्यंत चढे, पण डांबर ठिसूळ होई. उन्हात घट्ट राहावं आणि थंडीत तडकू नये, या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नव्हत्या.

सुटका झाली ती इटलीत, आणि एका टाकाऊ पदार्थामुळे. 1954 साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञानं जर्मनीतल्या कार्ल त्सिग्लरच्या उत्प्रेरकाचा आधार घेऊन पॉलिप्रॉपिलीन बनवलं. दोघांना 1963 चं नोबेल मिळालं. आपल्या बादल्या, दोरखंड, सिमेंटच्या विणलेल्या गोण्या सगळं यातूनच आलं. पण त्या रेणूसाखळीला दर ठरावीक अंतरावर एक फांदी असते, आणि सगळ्या फांद्या एकाच बाजूला आल्या तरच साखळ्या नीट रचल्या जाऊन टणक प्लास्टिक होतं. सुरुवातीच्या कारखान्यांत काही साखळ्यांच्या फांद्या कशाही, कुठेही येत. त्यांचा टणक पदार्थ होत नसे, मेणचट चिकट गोळा होई. ह्या नको असलेल्या गोळ्याचं नाव अटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन. 1960 च्या दशकात इटलीत तो गरम डांबरात मिसळला गेला आणि छपरांचा इतिहास बदलला. आपल्याकडच्या ठेकेदारांच्या कोटेशनमध्ये ‘एपीपी मेम्ब्रेन’ असं जे लिहिलेलं असतं, त्यातले हे तीन अक्षरी पाहुणे मूळचे कारखान्याच्या उकिरड्यावरचे.

दोहोंच्या मिश्रणात घडतं ते पाहण्यासारखं आहे. प्लास्टिक थोडं असेल तर डांबराच्या पसाऱ्यात त्याचे थेंब विखुरलेले राहतात आणि मिश्रण डांबरासारखंच वागतं. प्रमाण पाव भागाच्या आसपास पोचलं की एकदम उलटापालट होते. आता प्लास्टिक सलग पसरतं आणि डांबराचे थेंब त्याच्या जाळ्यात अडकून बसतात. विरजलेली साय घुसळताना नेमकं हेच होतं. आधी पाण्यात स्निग्धाचे थेंब असतात, आणि रवी फिरता फिरता एका क्षणी स्निग्धात पाण्याचे थेंब होऊन लोण्याचा गोळा वर येतो. डांबराच्या या लोण्याला गोळीची परीक्षा लावली तर ती साधारण 150 अंशांपर्यंत टिकते. मे महिन्याचं ऊन त्याला वितळवू शकत नाही, ज्योत मात्र वितळवू शकते. सगळं तंत्र या फरकावर उभं आहे.

शीट येते ती गुंडाळी होऊन, एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, चाळीस किलोच्या आसपास वजनाची. तिच्या पोटात पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड असतं, ताण सोसायला. बऱ्याच शीटमध्ये हे कापड बरोबर मध्यभागी नसून वरच्या अंगाला असतं, म्हणजे वितळवायला खाली डांबर जास्त मिळतं. तळाला पारदर्शक प्लास्टिकचा अगदी पातळ पापुद्रा असतो. गुंडाळी स्वतःलाच चिकटू नये हे त्याचं एक काम. दुसरं काम ज्योत लागल्यावर सुरू होतं.

त्याआधीचे दोन-तीन दिवस मात्र आगीविनाच जातात, आणि माझ्या मते कामाचं भवितव्य तिथेच ठरतं. जुने पोपडे खरवडायचे, चिरा भरायच्या, धूळ काढायची. कठडा आणि गच्ची जिथे काटकोनात मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा करून घ्यायचा, कारण शीट काटकोनात दुमडली की कोपऱ्यात मागे पोकळी राहते आणि कुणाचा पाय पडला की नेमकी तिथे फाटते. मग प्रायमर, म्हणजे पातळ केलेलं डांबर. ते काँक्रीटच्या छिद्रांत उतरतं, उरलीसुरली धूळ बांधून टाकतं आणि वाळल्यावर वितळलेल्या शीटला ओळखीचा पृष्ठभाग मिळतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्लॅब कोरडा हवा. डोळ्यांना कोरडा दिसून चालत नाही. प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडा चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर काँक्रीटवर ठेवायचा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला बाष्प दिसलं तर थांबायचं. कारण एक ग्रॅम पाण्याची, म्हणजे साधारण वीस थेंबांची, उकळून वाफ झाली तर ती पावणेदोन लिटरच्या आसपास जागा मागते. ज्योतीखाली असं झालं तर शीट जागीच सुटते. नाही झालं, तरी पुढे ऊन आहेच. शीटखाली बंद झालेल्या पोकळीत थोडी हवा आणि थोडं पाणी आहे असं धरा. सकाळी 25 अंश, दुपारी 65. पोकळी फुगू दिली नाही तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं वाढतो, म्हणजे दर चौरस मीटरला तीन टनांहून जास्त जोर. शीटचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत चार-साडेचार किलो. मग ती फुगते, संध्याकाळी बसते, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी फुगते. जुन्या गच्च्यांवर काळे फुगे दिसतात त्यांच्या आत असा रोजचा श्वासोच्छ्वास चाललेला असतो.

पहिली शीट पडते ती गच्चीच्या सगळ्यांत खोलगट जागी, पावसाळी पाइपाच्या तोंडापाशी. तिथून चढाच्या दिशेनं एकेक पट्टा वर सरकत जातो, प्रत्येक वरचा पट्टा खालच्याच्या कडेवर चढतो. कौलं लावतानाचा क्रम हाच. सपाट गच्चीलाही कौलारूंची शिस्त पाळावी लागते, म्हणजे वाहतं पाणी कुठल्याच जोडाच्या तोंडावर धडकत नाही. बाजूचा जोड शंभर मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, टोकाचा दीडशे, आणि शेजारच्या पट्ट्यांचे टोकाचे जोड कधी एका रेषेत येऊ देत नाहीत. शीट आधी कोरडी उलगडून रेषेत बसवतात, मग अर्धी गुंडाळून घेतात आणि टॉर्च पेटवतात.

बर्नरचा तो घोंगावणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या पुष्कळ वर असतं. शीटमधलं पॉलिएस्टर 260 अंशांच्या आसपास वितळतं. डांबर 150 च्या खाली धड वाहत नाही, आणि 220 च्या वर गेलं की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. म्हणजे हजार अंशांची आग हातात धरून एका पृष्ठभागाला दीडशे ते दोनशे वीसच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणून ठेवायचं, तेही वारा सुटलेल्या गच्चीवर, थर्मामीटरशिवाय.

हे शक्य होतं ते डांबराच्या आळसामुळे. डांबर उष्णता फार सावकाश आत घेतं. पृष्ठभागाला आच लावली तर पाच सेकंदांत ती पाऊण मिलिमीटर, दहा सेकंदांत जेमतेम एक मिलिमीटर आत पोचते. आणि दुप्पट खोल जायला तिला दुप्पट वेळ पुरत नाही, चौपट लागतो. वरच्या एका मिलिमीटरचा रस झालेला असतो तेव्हा तीन मिलिमीटरवरच्या कापडाला अजून आगीची फारशी खबरच नसते. निसर्गाच्या या एका नियमानं कारागिराला काही सेकंदांची सवलत दिलेली आहे, आणि तेवढ्या सवलतीत ज्योत फिरवून गुंडाळी पुढे ढकलायची असते.

काँक्रीट मात्र तसं नाही, ते उष्णता भराभर खेचून घेतं. म्हणून ज्योत नुसती शीटवर धरून भागत नाही, थोडी समोरच्या स्लॅबवरही फिरवावी लागते. कुशल माणसाचा हात इंग्रजी ‘एल’ अक्षराची वाट काढत जातो. गुंडाळीच्या रुंदीवर आडवी, मग जोडाच्या कडेनं पुढे, पुन्हा मागे. त्याला तापमान सांगतो तो तळाचा पापुद्रा. ज्योत लागताच तो आक्रसतो, त्याला भोकं पडतात आणि तो नाहीसा होतो. मागे येते ती डांबराची ओली चमक. चमक आली की गुंडाळी सरकवायची. चमक येण्याआधी सरकवली तर शीट चिकटल्यासारखी दिसते पण चिकटत नाही. चमक येऊन धूर निघू लागला तर उशीर झाला, डांबर जळायला लागलं. दुसरा माणूस लोखंडी आकड्यानं गुंडाळी ओढत किंवा पायानं ढकलत असतो, आणि त्या दोघांची लय जुळलेली असली की शीट न थांबता एकसारखी उलगडत जाते.

त्यांच्या मागे उभा असलेला गॅसचा सिलिंडरही पाहावा. भर मे महिन्यात, चाळीसेक अंशांच्या उन्हात, तो ओला होतो. जोर वाढवला तर त्याच्या खालच्या अंगावर पांढरा बर्फ धरतो. आतला द्रव वायू होताना लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओरबाडून घेतो. नळीच्या एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला हजार अंश, मध्ये काही मीटर रबर.

जोडाशी येऊन मला खरं थांबावंसं वाटतं. खालच्या शीटची वरची बाजू आणि वरच्या शीटची खालची बाजू, पापुद्रा असेल तिथे तो जाळावा लागतो, दोन्हींना चमक आणावी लागते, आणि मग दाब. त्या क्षणी दोन वितळलेले पृष्ठभाग एकमेकांना नुसते चिकटत नाहीत. एकीकडच्या लांबलचक रेणूसाखळ्या सरकून दुसरीकडे शिरतात, तिथल्या साखळ्यांत गुंततात. थंड झाल्यावर तिथे दोन शीटमधली सीमारेषाच उरत नाही. गोंदाचा जोड कायम तिसऱ्या पदार्थाच्या भरवशावर असतो. इथे तिसरा पदार्थ नाही. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा-बारा गुंडाळ्या लागतात आणि शंभराहून जास्त मीटर जोड तयार होतो. ती सगळी लांबी नाहीशी करणं, हेच या कामाचं सार.

ते साधलं की नाही हे कडेला दिसतं. जोडावर दाब पडला की वितळलेलं डांबर बाहेर येऊन कडेनं एक बारीक काळी लड तयार होते, पाच ते दहा मिलिमीटर रुंदीची. ती जिथे सलग आहे तिथे आत डांबर भरलेलं आहे. जिथे तुटली तिथे आच कमी पडली. जिथे ओघळ आहेत तिथे जास्त झाली. थंड झाल्यावर थापीचं टोक जोडाच्या कडेनं फिरवतात. ते कुठे आत शिरलं तर तेवढा भाग पुन्हा तापवायचा. तीन शीट एकत्र येतात त्या जागी आणखी एक खोच असते. मधल्या शीटच्या जाडीची चार मिलिमीटरची पायरी तयार होते आणि तिच्या पायथ्याशी एक तिरकी नळी मोकळी राहते, थेट बाहेरून आत जाणारी. म्हणून मधल्या शीटचा कोपरा आधीच 45 अंशांत छाटून टाकतात. कात्रीचा एक फटकारा, पण तो मारलेला आहे का हे बघून मी टोळीची पारख करीन.

आगीच्या धोक्याबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे खाली काँक्रीट असतं, ते पेटत नाही. अमेरिकेत पुष्कळ घरांची छपरं लाकडी फळ्यांवर उभी असतात, आणि तिथे ज्योत फटीतून आत शिरून तासाभरानं धुमसू शकते. म्हणून काम संपल्यावरही कितीतरी वेळ एका माणसानं पहाऱ्याला थांबायचा दंडक आहे. इंग्लंडमधल्या ससेक्समधला अपपार्क हा जुना वाडा 30 ऑगस्ट 1989 रोजी जळाला. छपरावरच्या शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या ब्लोटॉर्चनं आग लागली होती आणि काम संपायला दोनच दिवस उरले होते. आपल्या गच्च्यांवरही वाळलेली पानं असतात, सांध्यांत भरलेलं थर्मोकोल असतं, प्लास्टिकच्या टाक्या असतात. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं सिलिंडरइतकंच जवळ हवं.

काम झाल्यावर पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भरतात. पाच ते दहा सेंटिमीटर, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त भरायचा मोह टाळावा, कारण दर सेंटिमीटरला चौरस मीटरमागे दहा किलो वजन चढतं आणि वावरायच्या गच्चीचा हिशेब भारतीय मानकांत साधारण दीडशे किलोंचा धरलेला असतो. त्या दोन-तीन दिवसांत ठेकेदाराचा माणूस वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक दाराची बेल वाजवत फिरतो. ‘काकू, छताकडे एक नजर टाकू का?’ शीट पूर्ण चिकटलेली असेल तर या भेटी कामाच्या ठरतात. भोक वर जिथे आहे तिथेच खाली ओल उमटते, कारण शीटखाली पाण्याला पसरायला जागाच नसते. अर्धवट चिकटलेल्या शीटखाली ते कुठूनही कुठे जातं, हॉलच्या वर शिरून न्हाणीघरात टपकतं, आणि मग दुरुस्ती अंदाजानं करावी लागते.

शीट पाण्याला पुरून उरते, पण उन्हाला नाही. अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून डांबराला हळूहळू ठिसूळ करतात. म्हणून वर खनिजाची चुरी, अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा सिमेंटचा थर हवा. जिथे माणसांचा वावर आहे तिथे सिमेंटचा थर किंवा फरशीच बरी. अलीकडे त्यावर सौर पॅनेल येऊ लागले आहेत. स्टँडचे पाय काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर उभे करता येतात, ठोकळ्याखाली शीटचा एक जादा तुकडा टाकून, आणि वजन असं की पॅनेलखाली शिरलेला वादळी वारा त्याला उचलू शकणार नाही. ज्यांना स्लॅबमध्ये बोल्ट घालायचेच आहेत त्यांनी ते शीट टाकण्याआधी घालावेत, म्हणजे प्रत्येक पायाभोवती शीटची बाही चढवून ती खालच्या शीटशी वितळवून एक करता येते.